काय झालं, मोठ्यानं सांग

बाळ रडलं. चांगलं खणखणीत रडलं, बाहेरच्या व्हरांड्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं. साळवे सिस्टरांनी ते दोन्ही हातांनी उचलून आईच्या डोळ्यांसमोर धरलं आणि मी सिस्टरांच्या तोंडाकडं बघत राहिले.

तोंड मिटलेलंच.

आता बघा, कळा सुरू झाल्यापासून या बाईच्या तोंडाचा पट्टा क्षणभर थांबला नव्हता. "दम खा गं." "आता लाव जोर." "नवऱ्याला शिव्या नंतर दे, तो कुठं पळून चाललाय? आधी हे उरक." असं अखंड चालू. आणि आता ऐन वेळेला गप्प. आई दमून पडलेली, बाळ किंचाळतंय, हौसामावशी फडकं पसरून उभी, आणि सिस्टर मुक्या. मग त्यांनी मान वळवली आणि मला डोळ्यांनीच खुणावलं. विचारा.

"काय झालं गं बाई?" मी विचारलं. "मोठ्यानं सांग."

"मुलगा."

"मुलगा!" हौसामावशीनं साक्षीदाराच्या थाटात री ओढली.

की लगेच सिस्टरांचा पट्टा पुन्हा सुरू. "घोलप, उभ्या काय राहिलात? कात्री कोण देणार, माझा आजोबा?"

त्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात बदली होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. माणदेशातलं आहे एवढं पुरे. नाव घेतलं तर तिथली माणसं अजूनही मला फोन करून भंडावून सोडतील. आता मी रिटायर होऊन सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसत बसलेय, पण तेव्हा तिशीतली होते आणि नाक खुपसायला अख्खं रुग्णालय मोकळं होतं. मी भोचक आहे, हे आधीच सांगून टाकते. जित्याची खोड आहे ती. कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळलं नाही तर माझं जेवण पचत नाही.

आणि इथं तर माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी शिजत होतं.

आमच्या कामात एक नियम असतो. नाळ कापायच्या आधी बाळ आईला दाखवायचं, आणि मुलगा की मुलगी हे आपण सांगायचं नाही, आईच्याच तोंडून वदवून घ्यायचं. मावशीनं ते ऐकायचं. कारण सरळ आहे. बाहेर नातेवाईक 'मुलगा, मुलगा' असा जप करत बसलेले असतात. मुलगी झाली की 'आमचं बाळ बदललं' म्हणून कांगावा करायला काही जण कमी करत नाहीत. आईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की विषय मिटला. 'लेबर रूममध्ये आई सांगेल तेच धरायचं,' असं आम्हाला शिकतानाच घोकून घेतलेलं. सगळ्या सिस्टर हे विचारतात. झोपेतून उठवलं तरी विचारतील.

साळवे सिस्टर विचारत नव्हत्या. एकदा नाही, दरवेळी. बाकीचं सगळं उत्तम करायच्या. मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, हात असे की डॉक्टरांनी बघत राहावं. धनगरवस्तीवरच्या बायका आधी चौकशी करायच्या, "साळवेबाईंची पाळी कवा हाय?" आणि जमलं तर त्या हिशेबानं कळा द्यायच्या, असं हौसामावशी म्हणायची. साळवे सिस्टरांनी, म्हणजे एस्तेरबाईंनी, लग्न केलं नव्हतं. मागं क्वार्टरमध्ये चार कोंबड्या पाळलेल्या, रविवारी तालुक्याच्या चर्चला जायचं, आणि उरलेला सगळा जन्म त्या टेबलापाशी उभं राहून काढलेला. ठेंगण्या, गोल, चष्म्याला दोरी. तालुक्यातली निम्मी पोरं आपल्या हातात पहिल्यांदा रडली, असं त्या ऐटीत सांगायच्या, आणि ते खरंच होतं.

मग ऐन क्षणाला वाचा का बसते?

आधी मला वाटलं, घसा असेल. पण घसा कसला, पलीकडच्या वॉर्डातला पेशंट त्यांच्या आवाजानं उठून बसायचा. मग वाटलं, काही नवस असेल. एकदा चहा पिताना मी हळूच खडा टाकून बघितला. "सिस्टर, तुमच्यात बाळंतपणाच्या वेळी काही पाळायचं असतं का हो? न बोलणं वगैरे?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हो तर. आमच्यात बायका मुक्यानंच बाळंत होतात. ऐकलं नाही का तुम्ही कधी?" आणि पोट धरून हसल्या. मी ओशाळले, पण नाद सोडला नाही.

"मग तुम्ही विचारत का नाही, काय झालं म्हणून?"

हसू जागच्या जागी थांबलं. "तुमचा आवाज चांगला आहे," त्या म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या.

पाणी कुठंतरी मुरत होतं. मी हौसामावशीला गाठलं. ही बाई त्या रुग्णालयाच्या पायाभरणीपासून तिथं होती, तिला माहीत नाही असं काही नव्हतं. पण तिनंही ताकास तूर लागू दिली नाही. "आदीच्या बाई इचारायच्या, आता तुमी इचारताय न्हवं? मग झालं की. एकीनं इचारलं काय आन् दुसरीनं इचारलं काय. पोरगं त्येच की." एवढं बोलून ती फरशीच पुसायला लागली, आणि पुसता पुसता फडक्यानं मला दारापर्यंत ढकलत नेलं.

मग मी धाकट्या भावाच्या लग्नाला रजेवर गेले, आणि माघारी आले तर रुग्णालयाच्या फाटकात ही गर्दी. सरपंच, पोलीसपाटील, दोन्हीकडचे सोयरे, आणि मधे एक म्हातारी ऊर बडवत बसलेली.

झालं होतं असं. माझ्या मागं साळवे सिस्टर एकट्याच पाळीला. एक बाई बाळंत झाली, मुलगी झाली. सिस्टरांनी दाखवली, पण बाई थकून ग्लानीत, डोळे मिटलेले. मावशी नेमकी गरम पाणी आणायला गेलेली. विचारायला कुणीच नाही. संध्याकाळी शेजारच्या खाटेवर दुसरी बाई बाळंत झाली, तिला मुलगा. झालं! पहिलीची सासू उठली ती थेट फाटकात. म्हणे, आमच्या सुनेला मुलगा झालेला, बाईनं बदलला. सुनेला विचारलं तर सून रडत म्हणाली, "मला न्हाई म्हाईत. मला कुणी इचारलंच न्हाई."

डॉक्टर मुजावर शांत माणूस. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं. मुलगी सकाळी जन्मली तेव्हा गावातल्या चार बायकांनी खिडकीतून तिला बघितलेलं, आणि दुसरी बाई दुपार टळल्यावर बैलगाडीनं आली, हे गाडीवाल्यानंही सांगितलं. म्हातारीचा आवाज उतरला, गर्दी पांगली. पण मग डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं.

"साळवेबाई, त्या आईला विचारलं होतं?"

"दाखवलं होतं सर."

"मी 'विचारलं का?' म्हणतोय."

त्यांनी मान हलवली, नाही.

"आज निभावलं. उद्या नाही निभावणार. लोक दगड घेऊन येतील, आणि तुमच्यावर केस झाली तर मी काय करू?" डॉक्टर चिडले नव्हते, घाबरले होते. "पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला लेबर रूममधून काढावं लागेल. ओपीडीत बसा, पट्ट्या बांधा, इंजेक्शनं द्या. मला आवडणार नाही. पण करीन."

मला वाटलं, आता या उसळणार. असल्या बोलण्यावर एरवी त्यांनी डॉक्टरांचीही गय केली नसती.

"बसवा सर," त्या म्हणाल्या. "आजपासून बसवा."

आणि उठून गेल्या. मी त्यांचा चेहरा बघितला होता. मला खरंच भीती वाटली. ही बाई पट्ट्या बांधत बसली तर वर्षभर जगायची नाही, असं वाटलं मला.

त्या मागच्या पायरीवर कोंबड्यांना दाणे टाकत बसलेल्या. मी जाऊन शेजारी बसले. या वेळी खडा टाकला नाही, सरळ विचारलं.

"सिस्टर, काय झालंय तुम्हाला?"

त्या दाणे टाकत राहिल्या. कोंबड्यांचं पोट भरलं, त्या निघून गेल्या, तरी टाकतच होत्या.

"मालन नावाची पोर होती," शेवटी त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण. करांडेवस्तीवरची. सकाळी आली तेव्हा सगळं ठीक. दुपारी पोटाला नळी लावून ऐकलं तर बाळाचे ठोके मंद. मी म्हटलं, हिला मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे, पोट उघडायला पाहिजे. तेव्हाचे डॉक्टर मीटिंगला. जीप साहेबांच्या दौऱ्याला. मी फोन केले. मी स्वतः रस्त्यावर जाऊन उभी राहिले, ही अशीच, एप्रनसकट. एक टेम्पो थांबला. पळत आत आले तर डोकं खाली आलेलं. आता हलवणार कुठं?"

"मग?"

"मग काय. ठोके मंदावताहेत हे मी कानानं ऐकत होते घोलप, आणि मला काहीच करता येत नव्हतं. नुसतं ऐकायचं. आणि तिला म्हणायचं, लाव जोर, छान, छान." त्यांनी चष्मा काढला. "बाळ आलं. आणि माझे हात... इतक्या वर्षांची सवय. हात वर झाले, आईसमोर धरलं आणि तोंडातून गेलं, 'काय झालं गं, मोठ्यानं सांग.' बाळ रडलं नव्हतं. हललंही नव्हतं. माझ्या डोक्याला कळायच्या आधी तोंडानं विचारून टाकलं."

मी त्यांच्या मुठीतले उरलेले दाणे काढून घेतले.

"ती हसली हो," सिस्टर म्हणाल्या. "एवढ्या कळा सोसून अशी हसली, आणि मोठ्यानं म्हणाली, 'लेक! लेक झाली मला!' आणि तेव्हा मी हातातल्या लेकराकडं बघितलं. मग आम्ही सगळं केलं. तोंडानं वारं घातलं, छाती दाबली. नाही झालं काही. पण ते नाही माझ्या डोळ्यांसमोर येत. ते हसणं येतं. मेलेलं लेकरू दाखवून मी त्या आईला हसवलं."

"तुमचा काय दोष त्यात?"

"तेव्हाचे डॉक्टरही हेच म्हणाले. असं होतं बाई, मनावर घेऊ नका. मनावर घेऊ नका म्हणजे मग कुठं ठेवू?" त्यांनी डोळे पुसले आणि चष्मा घातला. "तेव्हापासून बाळ हातात आलं की जीभ टाळ्याला चिकटते. रडत असलं तरी. चांगलं लाल, गुटगुटीत असलं तरी. वाटतं, मी विचारलं की काहीतरी होईल. वेड्यासारखं आहे, मला कळतं. पण चिकटते."

"मी आहे ना. मी विचारत जाईन."

"जन्मभर माझ्याच पाळीला असणार आहात का तुम्ही?"

ते खरंच होतं. पुढच्या महिन्यात पाळ्या बदलणार होत्या. डॉक्टरांनी त्यांना एक संधी दिली होती, आणि त्या स्वतः तीही घ्यायला तयार नव्हत्या.

आणि आता जे सांगते ते तुम्हाला रचलेलं वाटेल. मलाही वाटलं असतं. पण तालुक्याला रुग्णालय एकच, आणि बायका काही एकदाच बाळंत होत नाहीत.

पोटुशा बायकांच्या तपासणीचा दिवस होता. हौसामावशी धापा टाकत आत आली. "मालन आलीया. करांड्याची. दिस भरल्यात."

साळवे सिस्टर उठल्या, आणि सलाईनच्या बाटल्या लावायच्या आहेत म्हणून कोठीच्या खोलीत गेल्या त्या गेल्याच.

मी बाहेर येऊन बघितलं. उंच, काटक, सावळी पोर. पदर खोचलेला, पायाला फुफाटा. शेजारी सासू, तोंड वाकडं करून. मालननं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"साळवेबाई कुठं हायत?"

"आहेत. काय काम होतं?"

"हाय जरा."

"मला सांग की."

"तुमच्यासंगं न्हाई. त्यांच्यासंगं हाय."

मी आणखी दोनदा वेगवेगळ्या वाटांनी विचारून बघितलं. मी! जिनं दगडाला बोलतं केलं असतं! पण ही पोर माझ्यापेक्षा सवाई. तोंड उघडेना. उलट सासूच बोलली. "साताऱ्याला न्हेतो म्हटलं बाई, मोठ्या दवाखान्यात. माझ्या भावाचा टेम्पो हाय. पर न्हाई. हितंच म्हणून हटून बसलीया. जितं येकदा पोट खाली झालं, तितंच कशाला मरायला?"

"तुम्ही गप बसा आत्याबाई," मालन म्हणाली. जोरात नाही, पण म्हातारी गप बसली.

ही भांडायला आली आहे, मला वाटलं. गेल्या वेळचं उट्टं काढायला आली आहे. मी कोठीत जाऊन सिस्टरांना सांगितलं. त्या बाटल्यांसमोर नुसत्या उभ्या होत्या, एकही बाटली हलवलेली नव्हती.

"शिव्या देऊ दे," त्या म्हणाल्या. "तिचा हक्क आहे. दारात उभी करून देऊ दे. पण तिचं बाळंतपण मी करणार नाही."

डॉक्टर मुजावरांनी मालनला तपासलं. सगळं ठीक होतं. तरी त्यांनी तिला ठेवून घेतली, आणि ड्रायव्हरकडून जीपची किल्ली मागून स्वतःच्या खिशात टाकली. "ही बाई मोकळी होईपर्यंत जीप फाटकाबाहेर जाणार नाही. साहेब आले तर त्यांना म्हणावं, चालत जा." मागची हकिकत त्यांनाही कुणीतरी सांगितली असणार. मी नाही हो, हौसामावशीनं!

दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या वेळेला तिच्या कळा वाढल्या. टेबलावर घेतली. मी हातमोजे चढवले.

"त्या कुठं हायत?"

"मी करते ना. मीपण सिस्टरच आहे."

"तुम्ही चांगल्या हायसा. पर त्यास्नी बोलवा."

"अगं, त्या ओपीडीत आहेत आज."

"मग मी जोर लावायची न्हाई."

"आगं बया!" हौसामावशी म्हणाली. "जोर कुणाच्या बापाचं ऐकतोय व्हय?"

मालननं टेबलाच्या दांड्या धरल्या, दात खाल्ले, कळ आली तशी अख्खी सोसली, आणि खरंच जोर लावला नाही. मी इतक्या बायका बघितल्या, पण असला हट्ट कधी बघितला नाही. हौसामावशीला तिच्यापाशी उभी केली आणि धावत ओपीडीत गेले. साळवे सिस्टर खाली मान घालून कापसाचे बोळे करत होत्या. टेबलावर बोळ्यांचा ढीग झालेला; तेवढे बोळे त्या रुग्णालयाला वर्षभर पुरले असते.

माझं डोकं फिरलं. मोठ्या होत्या त्या माझ्यापेक्षा, पण फिरलं.

"सिस्टर, उठा. ती पोर कळा दाबून पडलीय. शिव्याच खायच्या ना? मग तिथं येऊन खा. इथं बसून कापसाला काय तोंड दाखवताय?"

त्या उठल्या. मला वाटतं, 'कळा दाबून' हे शब्द ऐकून पाय आपोआप चालायला लागले. आत आल्या, मालनकडं बघितलं नाही, थेट नळी पोटाला लावून वाकल्या. ऐकलं. पुन्हा ऐकलं. जागा बदलून तिसऱ्यांदा ऐकलं.

"चांगले आहेत ठोके," त्या म्हणाल्या. "चांगले आहेत हो."

"मग लावू का जोर?" मालननं विचारलं.

"लाव की! कुणाची वाट बघतेस?" आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. "हां, अशी. सासूचा राग आठव आणि लाव. दम खा. दम खा म्हटलं ना? ऐकत नाही कुणाचं, वस्तीवरच्या सगळ्या बायका मेल्या अशाच..."

बाळ आलं, आणि हातात यायच्या आधीच रडलं.

सिस्टरांचे हात वर झाले. बाळ आईसमोर आलं. आणि तोंड मिटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, "काय..."

"तुम्ही नगा," मालन म्हणाली. तिनं हातच वर केला माझ्याकडं. घामानं भिजलेली, धाप लागलेली, पण डोळे सिस्टरांवर. "बाई, तुम्ही इचारा."

सिस्टर मान हलवायला लागल्या. नाही, नाही.

"त्या येळंला इचारलं व्हतं की."

"मालन, माफ कर गं मला," सिस्टर म्हणाल्या. बाळ रडतंय, सिस्टरांच्या गालांवरून पाणी वाहतंय, हात मात्र जराही हलत नाहीत. "मला कळलं नव्हतं. सवयीनं विचारलं मी. तुला हसवायचं नव्हतं मला."

मालनला हे नवीनच होतं, असं दिसलं.

"माफी कशाला मागताय?" ती म्हणाली. "बाई, घरच्यांनी मला तोंडसुद्धा दावलं न्हाई नंतर. फडक्यात गुंडाळून न्हेली आन् वड्याकडंला पुरून आले. कुठं पुरली त्येबी सांगत न्हाईत. नाव काढलं की म्हणत्यात, मालनचं पोट खाली झालं, बास. जनू काय झालंच न्हाई." तिला दम लागला, ती थांबली. "मी तिला येकदाच बघितली. तुम्ही धरलीसा म्हणून. येकदाच लेक म्हटलं तोंडानं, तुम्ही इचारलं म्हणून. तेवढंच हाय माझ्याजवळ. तुम्ही इचारलं नसतं तर मला लेक झालीच नसती."

हौसामावशीनं फडकं तोंडाला लावलं. माझंही काही धड नव्हतं. महिनाभर मी कशाच्या मागं लागले होते आणि हाताला हे काय लागलं!

"म्हणून हितं आले," मालन म्हणाली. "आता इचारा. गारठंल की ते."

साळवे सिस्टरांनी एकदा श्वास घेतला. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"काय झालं गं?"

"मोठ्यानं," मालन म्हणाली.

"काय झालं गं बाई? मोठ्यानं सांग!"

मालननं मान उचलून बाळाकडं नीट बघितलं, वरून खाली, सावकाश, आणि हसली.

"लेक," ती म्हणाली. "दुसरी लेक झाली मला."

हौसामावशी री ओढायची विसरली. मग आठवून, रडत रडतच ओरडली, "दुसरी लेक!" सिस्टरांनी नाळ कापली, बाळ पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं, आणि "घोलप, रडत बसू नका, सुई-दोरा बघा" म्हणून मला झापलं.

हौसामावशी दाराबाहेर जाऊन बातमी देऊन आली. आणि तिच्या मागोमाग व्हरांड्यातून सासूचा आवाज. "दुसरी? दुसरी कशी? पयलीच की! काय बी सांगतीया ही मावशी."

मालनचे डोळे मिटले होते. पण बाळाच्या पाठीवरचा हात थांबला, ते मला दिसलं.

सिस्टरांनाही दिसलं. तशाच हातमोज्यांनी, एप्रनवर रक्त, त्या दाराकडं गेल्या. दार कोपरानं उघडलं.

"दुसरी," त्या म्हणाल्या. पार फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल, तो आवाज. "आईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि आम्ही तिघींनी ऐकलंय. आमच्यात आई सांगेल तेच धरतात, आजीबाई."